नसलेला शुक्रवार

आजोबा गेले गुरुवारी रात्री, दहाच्या सुमारास,
आणि सरकारने ठरवल्याप्रमाणे
बारा वाजता शुक्रवार आलाच नाही.
तारखेची रेघ सामोआच्या पलीकडे सरकवली होती,
ऑकलंडशी व्यापार सोपा व्हावा म्हणून.
रेडिओवर घंटा, टाळ्या.
आमच्याकडे चटईवर प्रेत, आणि उशाशी दोघी बहिणी:
माझी आई सालाफाई, मावशी लोइमाता.

पहाटे कोंबडा आरवला, रोजच्यासारखा.
त्याला कुणी कळवलं नव्हतं.
आई म्हणाली, आज शनिवार. शब्बाथ.
कुदळ उचलायची नाही.
मावशी म्हणाली, काल गुरुवार होता ना?
मग आज सहावा दिवस.
सरकार नावं बदलेल,
देवाने मोजलेले सात कसे बदलेल?
आई म्हणाली, आपल्या देशात सगळे ज्याला शनिवार म्हणतात
त्याला मी एकटीने शुक्रवार म्हणू?

देऊळ एकच होतं दोघींचं. शास्त्र एकच.
एकाच ओळीवर दोघींची बोटं.

डिसेंबर म्हणजे आमच्याकडे उकाडा.
दुपारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं.
शेवटी खड्डा खणला शेजारच्या मेथडिस्टांनी,
त्यांना शनिवारचं काही नाही.
बर्फ दिला मासळीवाल्या पेलेनातोने, तो कॅथलिक.
त्याने एक मेणबत्तीही लावली,
आणि आजोबा तर जन्मभर त्याला सांगत आलेले
की मेलेले झोपलेले असतात,
त्यांना मेणबत्ती दिसत नाही.
आई पाठ फिरवून बसली.
माती पडल्याचा आवाज
पाठीलाही ऐकू येतो.

मग मंडळी फुटली.
आता आमच्या वस्तीत सातवा दिवस दोनदा येतो.
शुक्रवारी मावळायच्या आत आईची चूल विझते,
शनिवारी मावशीची.
मी दोन्ही घरची.
लहानपणी वाटायचं, देव दोन दिवस विसावा घेतो
आणि मी दोन दिवस थंड अळकुड्या खाते.

गेल्या वर्षी एक तरुण पाळक आला, शिकलेला, गोड बोलणारा.
दोघींना एका बाकावर बसवून म्हणाला,
"तुम्हा दोघींचंही खरं आहे.
देवाकडे जायच्या वाटा पुष्कळ."
मावशीने कप खाली ठेवला.
आई म्हणाली,
"दोघींचं खरं असेल
तर बारा वर्षं मी हिच्यावाचून कशासाठी गायले?
खालचा सूर हिचा होता, पाळकसाहेब.
तो सोडून मी उभी राहिले एकटी.
चुकले असेन तर देवाला सांगेन, चुकले.
पण काही फरकच नव्हता
असं मला सांगू नका."
मावशीने मान डोलावली.
बारा वर्षांत पहिल्यांदा दोघींचं एकमत झालं,
की पाळकाला काही कळत नाही.

मला विचाराल तर
पृथ्वी गोल आहे, रेघ कुठेतरी मारावीच लागते.
अर्ध्या तासाच्या विमानावर, पागो पागोत, मामा राहतो.
फोन करतो तेव्हा त्याच्याकडे अजून कालच असतो.
पण प्रेत अंगणात असताना
गोल पृथ्वीचा काय उपयोग?
दोघींपैकी एक चुकते आहे.
किंवा दोघीही, आणि पेलेनातोची मेणबत्ती
आजोबांना दिसली.
सगळंच एकदम खरं असू शकत नाही
एवढं मला कळतं.
पुढचं नाही.

कबर अंगणातच आहे, सिमेंटची.
मृत्यू एकोणतीस, दफन एकतीस.
वाचणाऱ्याला वाटतं, दोन रात्री ठेवले होते.
शनिवारी ती मावशी झाडते,
रविवारी आई.
परवा आई खराटा घेऊन वाकली आणि म्हणाली,
बघ, हिला कधी नीट झाडता आलं नाही.
कोपऱ्यात पानं राहतातच.
मग थोडं थांबून,
मुद्दाम ठेवत असेल.
मला काम उरावं म्हणून.