दोन बोटं ढील

बुडादिरीच्या चढावर, वेपुखुलूच्या पंक्चरच्या टपरीमागे
दर रविवारी प्रार्थना आटोपली की
बाबा बॉक्सर मधल्या स्टँडवर चढवत,
चर्चचा शर्ट फांदीला अडकवत
आणि मागच्या चाकाशी उकिडवे बसत.

आठवड्याची लाल माती चेनमध्ये थिजलेली,
कॉफीच्या टरफलांसकट.
रॉकेलची डबी, दातांतून बाद झालेला ब्रश,
आणि एकेक कडी.
चाक हातानंच फिरवायचं.
"इंजिन चालू ठेवून पुसायला गेला मुदोमा,"
बाबा दर वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगत,
"आता त्याचा हिशोब नवावर थांबतो."

तेल आतल्या बाजूला, थेंब थेंब.
बाहेरून लावलेलं तेल फक्त पँटला लागतं.
मग एक्सलचा नट सैल,
डावीकडे पाव फेरा, उजवीकडे पाव फेरा,
खाचा मोजायच्या, पण खाचांवर विसंबायचं नाही,
सुतळी धरून बघायचं
दोन्ही चाकं एकमेकांशी बोलतायत का.

चेन सगळीकडे सारखी नसते.
कुठेतरी एक जागा आखडलेली असते
आईच्या डाव्या खांद्यासारखी.
ती हुडकायची, खडूनं खूण करायची,
माप तिथलंच घ्यायचं.
तुटेपर्यंत ताणू नये म्हणतात लोक.
बाबा म्हणत, तुटायच्या कितीतरी आधी
बेअरिंग रडायला लागतं,
आपल्यालाच ऐकू येत नाही.

आणि मग हाक: "नांदुदू, बस मागे."

गाडी स्टँडवरून खाली,
खडूची खूण खालच्या बाजूला, बरोबर मध्ये.
"रिकाम्या गाडीचं माप खोटं.
ओझं बसलं की चेन खरं बोलते."
मी सहा वर्षांची. वजन भरायला
मांडीवर हिरव्या केळ्यांचा एक घड.
बाबांची दोन बोटं चेनखाली,
वर, खाली, वर.
मी श्वास रोखून जड व्हायचा प्रयत्न करत असे.

नवव्या वर्षी घड गेला.
तेराव्या वर्षी बाबा खालून म्हणाले,
"यंदा जरा सैल सोडायला हवी."
आमच्या दाराच्या चौकटीवर
उंचीच्या रेघा कुणी मारल्या नाहीत.
माझं वाढणं चेनला ठाऊक होतं.

आता बुडादिरी ते म्बाले मी चालवते.
पहिला महिना गिऱ्हाइकं विचारत, भाऊ कुठाय?
मग विचारेनाशी झाली;
उतारावर माझी गाडी खडखडत नाही
एवढं त्यांना पुरलं.

काल रविवार होता.
"बाबा, बसा मागे."
काठी झाडाला टेकवून, माझ्या खांद्याचा आधार घेऊन
ते चढले. वेळ लागला.
मी बोटं घातली.
दोन नव्हे, तीन.
गाडी वीतभर पुढे ढकलली. तीन.
खडूची खूण पुन्हा तपासली. तीन.
चेन ईस्टरनंतर बदललेली,
दाते धड, कुठे आकडा झालेला नाही.
मागच्या रविवारनंतर नट कुणी हलवला नव्हता.

मी चाकाशी बसून राहिले
पाना हातात धरून, उगाच,
नटावरची माती पुसत.

वरून बाबांचा आवाज आला.
खाली बघितलं नाही त्यांनी,
समोर डोंगराकडे बघत होते:
"तो घड दे इकडे."

मी दिला. त्यांनी मांडीवर नीट बसवला,
दोन्ही हात त्याच्याभोवती घातले.
दोन बोटं.

"क्लिपचं उघडं तोंड मागे आहे ना?"
"आहे."
"परत बघ."
मी परत बघितलं.