दाखल नोंद

धरणगावच्या वाचनालयात
सुकदेव भदाण्यांची पुस्तकं आली, केळीच्या खोक्यांतून.
एकशे अकरा. सगळी हेरगिरीची.
मी क्रमांक टाकतेय: ३२७ की ३५५,
राजकारणात ठेवू की लष्करात?

चाळताना एवढंच कळतं
की पकडले गेले त्यांचं प्रकरण झालं,
पैसे घेऊन फुटले ते तळटीप,
आणि चोख काम करून घरी जेवायला गेले
त्यांचं नाव सूचीतही नाही.

एका जाड इतिहासात, पान दोनशे सात,
कुठल्याशा मोहिमेचा खर्च:
'सातपुड्याकडची बातमी.
आणणारीस रुपये दोन, लुगडं एक.'
आणणारीस.
समासात भदाण्यांची पेन्सिल, टोक मोडेस्तोवर दाबलेली:
'माले ठाऊक शे.'
पुढे काही नाही.
पुढची पानं मी उन्हात धरून पाहिली.

सैन्यात बिनतारीवर होते, एवढं गावाला माहीत.
पावती द्यायला गेले तेव्हा
सुपडाबाई कळण्याची भाकरी थापत होत्या.
काय ऐकायचे हो ते, कानाला लावून?
"माले काय ठाऊक?"
मग भाकरी उलथता उलथता,
"रातले खाटवर बोटं वाजाडेत.
मी मोजू."

कुणाला सांगितलं कधी?
त्यांनी पिठाच्या हातानं पावती घेतली,
चार घड्या केल्या,
मिठाच्या बरणीखाली सारली.

रजिस्टरात लिहिलं:
स्थिती बरी. समासात खुणा.
खोडरबर काढला होता, तो ड्रॉवरमध्ये परत ठेवला.
क्रमांक अजून पेन्सिलीनंच आहे.