चुन्याची डबी

“ताई, ताप चाकणला उतरला,
मी वाकडेवाडीला,”
खंडू मेमाणे स्टुलावर टेकत म्हणाले.
जुन्नरहून पुण्याला ही त्यांची तिसरी खेप.
मलेरिया नाही, डेंग्यू नाही, टायफॉइड नाही.
फाइल जाडावत चाललेली, माणूस वाळत.

मी थेंब काचेवर ओढला, रंगवला,
तेलाच्या भिंगाखाली तासभर शोधत बसले.
तांबड्या पेशी नुसत्या, धुऊन वाळत घातलेल्या.
“ताप असताना या,” मी म्हटलं
आणि जीभ चावली.
असं आमंत्रण देतं का कुणी?

लेण्यांवर राखणदार, अठरा वर्षं.
शेवटची सहल खाली उतरली की
वटवाघळांच्या गुहेत, कातळाच्या ओट्यावर पथारी.
“रात्री काही चावतं?”
“दगड चावतो का, ताई?”

यावेळी मात्र त्यांनी कमरेची डबी काढली.
“धुऊन आणलीय, चुना नाही त्यात.”
आत भेगेतून काडीनं उकरलेली गोचीड,
मसुरीएवढी, राखाडी, सुरकुतलेली.
अर्धा तास पिते अंधारात, न दुखवता,
उजाडायच्या आत पुन्हा भेगेत.
गुरांच्या कानातली ती वेगळी, ही घर धरून राहणारी.

ते भाचीकडे थांबले, दांडेकर पुलापाशी.
सहा दिवस काहीच नाही.
सातव्या दिवशी भाचीनं शिरा केला,
मामा बरे दिसत होते म्हणून.
आठव्या रात्री, दोन वाजता फोन:
“आला.”
एवढंच. मी रात्रपाळीलाच होते.

रिक्षातून दात वाजवत आले.
आणि काचेवर, पेशींच्या मधोमध,
फणीत अडकलेल्या कुरळ्या केसासारखे
दोन. मग पाच. मग मोजणं सोडलं.
रक्तानं एकदा ओळखून हाकललेले,
अंगरखा बदलून परत आलेले.
मी “सापडले!” असं ओरडले
आणि मागे बाकावर ते कुडकुडत होते.

पहिल्या गोळीनं ताप आणखी भडकला.
भाची माझ्याकडे बघत राहिली.
“मरताना गोंधळ घालतात,” मी म्हटलं,
पुस्तकात होतं तसं. सकाळपर्यंत
माझाही घसा कोरडाच.

आता ते गेटपाशी पत्र्याच्या खोलीत झोपतात.
“गुहेतली गार झोप नाही, पण चालतंय.”

डबी न्यायची राहिली.
गोचीड काचेच्या नळीत, फ्रिजशेजारच्या कपाटात,
नाव, गाव, तारीख चिकटवून.
दीड वर्ष झालं. अन्नपाणी नाही.
परवा धूळ पुसताना मी नळीवर फुंकर मारली.
एक पाय हलला.