दिवेखोली

क्वेतोस्लाव गेला त्याच्या आठव्या दिवशी
त्याच्या माशांच्या टाकीवरची नळी
दोनदा मिणमिणली आणि गेली.
दुकानातला पोरगा म्हणाला, आजी, अशा नळ्या
आता कुणी बनवत नाही, नवा दिवाच घ्या.
भाव ऐकला, हातमोजे चढवले
आणि बर्फ तुडवत घरी आले.

मला दिवा विकायला निघाला होता!
सव्वीस वर्षं कार्विनाच्या खाणीवर
मी दिवेखोली सांभाळली.
खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला खिडकीतून दिवा दिला,
पुसलेला, भरलेला, नंबराचा.
वर आला की त्याच हुकाला परत.
माणसं मला चेहऱ्यापेक्षा आकड्यांनी ठाऊक.
नवरासुद्धा आधी दोनशे सदतीस होता.

तेव्हा पडद्याची अॅल्युमिनियमची पट्टी उतरवली.
टाकीपेक्षा दोन बोटं लांब, बरीच झाली.
औषधाच्या बिलामागे आराखडा काढला:
पाण्यापासून एक वीत वर टांगला तर काचांवर शेवाळ,
दोन विती, तर तळाची झाडं उपाशी.
दीड वीत.
शेजारच्या झ्बिनेकने ड्रिल उसनं दिलं, सल्ले फुकट.
आठ थंड पांढरे, तीन उबदार,
आणि एक लाल, वेगळ्या तारेवर.
लाल कशाला, त्याने विचारलं.
असू दे, म्हटलं.

प्रत्येकाच्या पाठीला मोहरीएवढा लेप लावायचा.
एलईडी मरतो तो पाठीच्या तापाने,
समोरून शेवटपर्यंत हसरा.
असे पुरुष मी पाळीपाळीने पाहिलेत.

बटण दाबलं.
अकराही गप्प.
एका माळेत ओवलेले, एक उलटा लागला
की अख्खी रांग आंधळी,
आणि कुठला, ते दिसत नाही.
विझलेले सगळे सारखेच.
मीटरच्या दोन सुया घेऊन एकेकाला विचारत गेले.
सातवा.
उपटला, फिरवला, पुन्हा डाग दिला.

दिव्याखाली अंधार म्हणतात.
माझ्या दिव्याखाली पाणी निघालं,
आणि पाण्यात, एवढे दिवस मला न दिसलेलं
एक लाकडाचं मूळ, त्याने कधीतरी ठेवलेलं,
त्याला दोऱ्याने बांधलेलं शेवाळ.
दोऱ्याची गाठ त्याचीच, दुहेरी.

एका फेब्रुवारीत, दुसऱ्या पाळीनंतर
माझ्या भिंतीवर एक हूक मोकळा राहिला.
चारशे बारा.
मी खिडकी लावली नाही.
तिसरी पाळी आली, दिवे घेऊन गेली,
जा घरी, असं कुणी म्हणेना.
पहाटे साहेबांनी वही मागितली, आकड्यावर रेघ ओढली,
माझ्याच पेनाने.
चेहरा मला तेव्हाही आठवला नाही.
क्वेतोस्लावला हे कधी बोलले नाही.

म्हणून तो लाल.
बाकीचे साडेनवाला हळूहळू मालवायचे,
हा मंद, रात्रभर.

चार रात्री मासे झोपलेच नाहीत.
गाळणीमागच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून,
कल्ले भराभर हलवत.
झ्बिनेक वाकून बघत राहिला,
मग नेहमीपेक्षा हळू म्हणाला,
त्यांना अंधार लागतो, द्राहुशे.
त्याला काय कळतंय, असं आधी वाटलं.
मग स्वयंपाकघरातली कात्री आणली.

आता साडेनवाला काळोख.
खुर्ची टाकीजवळच ओढलेली,
पंपाची बुडबुड तेवढी ऐकू येते.
सकाळी साडेसातला टायमर टिचकी मारतो
आणि उजेड येतो, घाई न करता.
निऑन मासे रात्री रंग टाकतात.
आधी फिकट, जवळजवळ काचेचे,
मग निळी रेघ डोळ्याकडून भरत जाते.
मी मोजते. सवय.
पंधरा, सोळा,
एक मुळाआड असतो,
तो बाहेर येईपर्यंत चहा गार होतो.