लाल साय

वडगावात समुद्र नाही.
तो मी दर पंधरवड्याला बादलीत कालवतो:
फिल्टरचं पाणी, पाकिटातलं मीठ,
ढवळायला मोडक्या मागाची पट्टी.

दुपारी तीनच्या सुमारास ती येते.
वाळूवर आधी डाग, मग साय,
मग ओल्या पदरासारखी सरकत
दगडावर, पंपाच्या तोंडावर,
अंगभर बुडबुडे मिरवत.
रात्री नसते. मला वाटतं, गेली.

नळीनं ओढून काढली. जुन्या टूथब्रशनं खरवडली.
दुसऱ्या दुपारी हजर.

खडेबाजारातला इराप्पा म्हणाला,
"शेवाळ नव्हे ते, शेवाळाचा पणजा.
औषध नको. मूर दिवस अंधार कर.
आणि खायला कमी घाल की."

मी कमीच घालतो, म्हणालो.

घरी आलो तर रेणुका
चिमटीत दाणे धरून उभी.
"स्नेहल गेल्यापासून
उपाशी बघतात माझ्याकडं."

स्नेहल मणिपालला. मासे तिचे,
दोन, नारिंगी. नावं तिनं आम्हाला सांगितलीच नाहीत.

टाकीवर लुगडं टाकलं,
रंग फुटला म्हणून गिऱ्हाइकानं परत केलेलं.
तीन दिवस नुसता पंपाचा आवाज.
रेणुका जेवताना भाकरी अर्धीच घेई,
मी विचारलं नाही.

चौथ्या सकाळी वाळू पांढरी,
मासे दोन.

तिनं लुगडं झटकलं, नीट घडी घातली,
पण कपाटात नाही,
टाकीखालच्या स्टुलावर
हाताशी ठेवलं.