हयातीचा दाखला

दर साली थंडी पडली की मी दोंडाईच्याच्या भोईवाड्यात जातो,
पिशवीत अंगठ्याचं यंत्र, खिशात मोबाईल,
उखर्डू नथ्थू भोई जिवंत आहेत
एवढं एकच सरकारला कळवायला.

बाबा ओट्यावर. अंगणभर मिरच्या वाळत पडलेल्या.
नातसून द्वारका, स्वतः सत्तरीची,
नाकाला पदर लावून ओरडते,
"आबा, तो जित्ता लिखनारा उना!"

यंत्राला त्यांचा अंगठा कळत नाही.
बाजारात मापाडी होते ते,
ज्वारी, बाजरी, तूर, भुईमूग,
हजारो पायल्यांच्या काठावरून फिरून फिरून
रेघा कधीच पुसल्या गेल्या,
नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत अंगठा.
लाल दिवा लागतो. पुसून पुन्हा ठेवतो. पुन्हा लाल.

वयाच्या रकान्यातही भानगड.
एकशे बारा लिहिलं की फॉर्म म्हणतो, तपासून पाहा.
कुणीतरी वैतागून शेवटचे दोनच आकडे घातले
आणि बाबा बारा वर्षांचे झाले.
म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तवय बरं व्हतं."

आईची चार गेली होती. हा पाचवा.
सटवाई पुजली आणि नेऊन उकिरड्यावर ठेवला,
तासभर, शेणाच्या पाटीला टेकवून,
म्हणजे वरून बघणाऱ्याला वाटावं, टाकून दिलेला माल.
मानमोडीच्या साली गल्लीत रडायला माणूस उरलं नाही,
त्याने उकिरड्याकडे पाहिलंच नाही.
अजून पाहिलेलं नाही.

बायको सुपडाबाई. तिलाही जन्मताच सुपात घालून ओढलेलं.
पण सूप ते सूप,
कधीतरी पाखडलं जातंच.
तिन्ही पोरंही म्हातारी होऊन गेली.

एकदा मी म्हटलं, बाबा, तुम्हीच मोजा तुमचं वय.
मापाडी 'एक' म्हणत नाही.
पहिल्या पायलीला म्हणायचं, लाभ. मग दोन. मग तीन.
बाबांनी सूर लावला,
तोच, जो ऐकून धान्याच्या राशीवरची पाखरं उठायची.
लाभ… दोन… तीन…
साठला अडकले.
मला वाटलं, झोप लागली.

पेपरवाला येऊन गेला, एवढं जगण्याचं गुपित विचारायला.
द्वारकानेच सांगून टाकलं,
कळण्याची भाकर, भरीत, तंबाखू नाही.
ते छापून आलं.

मला मात्र त्यांनी जवळ बसवलं,
अंगठा माझ्या तोंडासमोर धरला.
"यानी एक डाव लबाडी करी."
बहात्तरचं साल. लाल मिलो आलेला.
समोर एक बाई ओटी पसरून उभी,
आणि पायली भरताना हा अंगठा आत.
अंगठ्याएवढे दाणे कमी, बस.
"साठीना व्हतू मी. पोऱ्या नव्हतू."
मग बराच वेळ मिरच्यांकडे बघत,
"कितला दाना व्हतीन रे?"
जणू माझ्या मोबाईलमध्ये नोंद असेल.
मी म्हटलं, असतील तीस-चाळीस.
त्यांना पटलं नाही.
बाई कोणत्या गावची, तेवढं आठवत नाही म्हणाले.
धुळ्याकडची असावी.
पायात काही नव्हतं.

आता नवीन सोय आली आहे. अंगठा नको, चेहरा चालतो.
मोबाईल समोर धरतो, चौकोनात बाबांचा चेहरा बसवतो,
खाली अक्षरं येतात: डोळे मिचकावा.
बाबा मिचकावत नाहीत.
समोर बघत राहतात,
कुणी माप भरताना टक लावून बघावं तसे.
मोबाईल थांबलाय. मी थांबलोय.
कौलावरचा कावळाही.

तेवढ्यात द्वारका फावड्याने मिरच्या उलटवते,
तिखटाचा झोत येतो,
बाबांना सणसणीत शिंक.
पापण्या मिटतात, उघडतात.
हिरवी खूण.

"व्हयनं का?"
झालं बाबा, अजून एक वर्ष.

त्यांनी माझं मनगट धरलं,
त्या गुळगुळीत अंगठ्याने, घट्ट.
"एक नको म्हनू रे."