घट-तूट

तुर्भ्याला, दाणाबंदरात,
बावीस वर्षं मी काट्याशी उभा आहे.
पोतं येतं, मी आकडा बोलतो,
आणि महिनाअखेर हंसराजभाईंच्या वहीत
अगदी खाली लिहितो: घट-तूट.

त्यात सगळं मावतं.
ओल सुकली ती, हूक लागून सांडलं ते,
पारूबाईच्या झाडूखालचं पसाभर,
ज्याबद्दल आम्ही कुणी बोलत नाही.
आणि उंदरांचं.
उंदीर खातो मूठभर, नासतो पायली.
तुरीच्या एका पोत्याला चार भोकं पाडतो,
वर मुततो,
आणि पुढच्या थप्पीवर चढतो.
घुशीचं तर विचारूच नका,
तिनं फरशीखालून गाळाच पोकळ केलेला.

एका वर्षी सात नंबरच्या गाळ्याची तूट
अर्ध्यावर आली.
शेठ म्हणाले, तोलार, काटा बघून घे.
बघितला. वीस किलोची वजनं चढवून, उतरवून बघितला.
काटा खरा होता.

पारूबाईला ठाऊक असणार.
मसुराच्या थप्पीमागे तिला कात मिळाली होती,
तिच्या पदराहून लांब.
तिनं ती घडी घालून कुठं ठेवली, देव जाणे.
त्या कोपऱ्यात मात्र ती झाडू दोनदा आपटायची
आणि मगच आत घालायची.

मग एका दुपारी बाळकू हूक टाकून पळाला.
नाग, नाग, म्हणत अर्धी गल्ली गोळा.
कोपरखैरण्याहून प्रणाली मढवी आली स्कूटरवर,
पाठीला सॅक, हातात काठी,
वय माझ्या धाकटीएवढं.
वाकून बघितलं आणि म्हणाली, धामण.
विष नाही. जरा मागे सरा.

शेपटीत काटा असतो तिच्या, बाळकू लांबून ओरडला,
म्हशीच्या पायाला वेढा घालून दूध पिते,
आमच्या गावी बघितलंय.
काटा या काकांकडे आहे, प्रणाली म्हणाली,
हिच्याकडे नाही.
आणि चोखायला ओठ लागतात हो.

उचलली तशी धामणीनं जबडा वासला
आणि पोटातलं समोर टाकलं.
घाबरली की टाकते, जड पोटानं पळवत नाही.
एक मोठा उंदीर, अख्खा, ओला,
अंगावरचा केस न् केस एका दिशेनं बसलेला.
मागून तीन पिल्लं, डोळेही न उघडलेली.
कुठं दाताची खूण नाही.
ही वेढा घालून आवळतसुद्धा नाही,
भिंतीशी अंगाखाली दाबून धरते,
आणि डोक्याकडून आत घेते,
केस उलटे लागू नयेत म्हणून.
एवढं जेवण हिला आठवडाभर पुरलं असतं,
प्रणाली म्हणाली. तिला वाईट वाटलेलं दिसलं.

मी सवयीनं मोजत होतो.
एक आणि तीन.
ती तीन मोठी होऊन त्यांची तीस, आणि त्या तिसांची...
पुढं बोटं पुरली नाहीत.

वनखात्याच्या नोंदीला वजन लागतं, ती म्हणाली,
काटा मिळेल का?
मोठ्या काट्यावर हिचं काय कळणार,
मी लवंग-वेलचीचा छोटा काढला.
थैली हलत होती. आकडा थांबायला वेळ लागला.
बारदान वजा, एक किलो सहाशे चाळीस.
मी मोठ्यानं बोललो, पोत्याचं बोलतो तसंच,
आणि हात वहीकडे गेला.
कुठल्या रकान्यात?
जमेला की नावे?

राहू द्या की इथंच, पारूबाई म्हणाली.
तिचं कोण ऐकतं.
शेठ म्हणाले, मारायची नाही, पण इथं नको,
हमाल कामाला हात लावायचे नाहीत.
मग मागच्या नाल्यापलीकडच्या झुडपात,
फार लांब नेली तर जगत नाही म्हणून,
प्रणालीनं थैलीची गाठ सोडली.
गवत हललं. संपलं.

त्यानंतरच्या महिन्यात तूट वाढली.
त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी.
तोलार, काटा बघ.
काटा खरा आहे, मी म्हणालो,
याहून जास्त बोलायची माझी सवय नाही.

काल सात नंबरमध्ये गेलो होतो.
पारूबाई झाडत होती.
मसुराच्या थप्पीपाशी आली, थांबली,
झाडू दोनदा आपटला.
मी काही विचारलं नाही.